कांद्याची पट्टी, नाकाबंदी आणि पन्नास हजारांची ‘मर्यादा’

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने बाजार समितीत दोन ट्रॅक्टर कांदा विकला, रोख १ लाख ८६ हजार घेतले आणि पैशांची पिशवी मोटारसायकलच्या डिक्कीत टाकून तो गावाकडे निघाला. निवडणुकीच्या नाक्यावर पथकाने अडवलं, पैसे मोजले, जप्त केले. त्याचा धाकटा भाऊ विचारतोय: ‘पन्नास हजारांच्या वर रोकड न्यायला कायद्याने बंदी आहे का? पोलीस म्हणतात, निकाल लागल्यावर या. इकडे काढणीच्या मजुरांचे पैसे थकलेत. आणि सरकार मतदानाच्या तोंडावर लोकांच्या खात्यात पैसे टाकतं ते चालतं, मग आपलेच पैसे आपण घरी नेले तर गुन्हा कसा?’

मी तालुका कोर्टात वकिली करतो, अठ्ठावीस वर्षं झाली. लोकसभा-विधानसभा धरून जप्तीची अशी पंधरा-सोळा प्रकरणं हातावेगळी केली असतील. मतं लपवत नाही. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. सरकारने चोर पकडावेत, रस्ते धड ठेवावेत, न्याय वेळेत द्यावा आणि एरवी लोकांच्या घरात डोकावू नये, एवढीच माझी अपेक्षा. पक्ष कुठलाच नाही. तरुणपणी शेतकरी संघटनेच्या सभांना जायचो, ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा घसा बसेपर्यंत दिली आहे, तो वास अजून अंगाला आहे. तेव्हा पुढच्या मजकुरात कायदा कुठला आणि माझं मत कुठलं, हे मी सांगत जाईनच, तुम्हीही चाळून घ्या.

तुम्ही मर्यादेबद्दल विचारलंय, पण अडचण मर्यादेची नाही. नाक्यावर तुमच्या भावाला विचारलं गेलं, ‘एवढे पैसे कुठून आणले, पुरावा दाखव.’ म्हणजे पैसा त्याचा, खिसा त्याचा आणि सिद्ध करायची जबाबदारीही त्याचीच. आपल्या कायद्याची रीत याच्या उलट आहे. आधी अधिकाऱ्याला संशयाचं काही कारण दिसलं पाहिजे, मग खिशाला हात. निवडणूक लागली की ही रीत उलटी होते आणि सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलंय की तुमच्या भावानेही तिथे वाद घातला नसणार. बरोबर ना?

आता पन्नास हजारांचं. हा आकडा आला कुठून? निवडणूक आयोगाने २९ मे २०१५ रोजी रोकड जप्त करण्याची आणि परत देण्याची कार्यपद्धती काढली. तिच्यात हा आकडा आहे, पण वाक्य पूर्ण वाचायला हवं. ज्या गाडीत उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षाचा कार्यकर्ता आहे, किंवा ज्या गाडीत पोस्टर, प्रचारसाहित्य वगैरे आहे, अशा गाडीत पन्नास हजारांपेक्षा जास्त रोकड सापडली तर ती जप्तीला पात्र. दारू, अंमली पदार्थ, शस्त्रं, मतदारांना वाटायला नेल्यासारख्या दहा हजारांवरच्या भेटवस्तू, हेही त्याच वाक्यात येतं. कांदा विकून घरी निघालेला शेतकरी त्या वाक्यात कुठे बसतो, मला आजवर कुणी दाखवलेलं नाही.

त्याच कागदात पुढे आणखी तीन गोष्टी आहेत. स्टार प्रचारकाकडे स्वतःच्या खर्चासाठी एक लाखापर्यंत रोकड असेल तर ती जप्त करायची नाही. पक्षाच्या पदाधिकाऱ्याकडे पक्षाच्या खजिनदाराचं प्रमाणपत्र असेल, रक्कम आणि ती कशासाठी ते लिहिलेलं, तर त्याची प्रत ठेवून पैसे सोडायचे. आणि गाडीत दहा लाखांपेक्षा जास्त रोकड सापडली, पण कुठल्या गुन्ह्याचा संशय नाही, उमेदवाराशी किंवा पक्षाशी धागा नाही, तरीसुद्धा पथकाने जप्त करायचं नाही. इन्कम टॅक्स खात्याला कळवायचं, पुढचं ते बघतील. म्हणजे धागा नसलेल्या अकरा लाखांना हात लावू नका असं आयोग म्हणतो आणि नाक्यावर तुमच्या भावाचे १ लाख ८६ हजार जातात. कागदावर जी सवलत स्टार प्रचारकाला आहे, ती कांदेवाल्याला तोंडी हुकमाने नाकारली जाते. हे मत नाही, दोन कागद शेजारी ठेवले की कुणालाही दिसेल.

मग नाक्यावर सरसकट पन्नास हजार का चालतं? नाक्यावरचा माणूस वाईट असतो म्हणून नाही. मी तिथे रात्री उभा राहून पाहिलंय. पथकाचा प्रमुख दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेला महसूल किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याचा अधिकारी, सोबत दोन-तीन पोलीस, एक व्हिडिओवाला, डासांचा थवा आणि अर्धवट मांडव. रोज रात्री वर अहवाल द्यायचा: किती गाड्या तपासल्या, किती जप्त केलं. ‘निरंक’ लिहिलं की दुसऱ्या दिवशी फोन येतो. चुकून कुणाचे पैसे घेतले तर त्याला कुणी विचारत नाही, चुकून सोडले आणि ते वाटपाचे निघाले तर निलंबन. अशा माणसाला पूर्ण वाक्य लक्षात ठेवणं परवडत नाही, आकडा लक्षात ठेवणं परवडतं. सरकारचा हात लांब होतो तो बहुतेक वेळा असाच. वर कुणीतरी बऱ्या हेतूने, अटी घालून नियम करतो आणि रस्त्यावर पोचेपर्यंत अटी गळून पडतात, हुकूम तेवढा उरतो.

एक प्रकरण सांगतो. अलीकडे लोकसभेचं मतदान लग्नसराईत येतं. एका वर्षी मुलीचं लग्न लावून रात्री परत निघालेल्या एका गृहस्थांची गाडी अडवली. मागच्या सीटवर कापडी पिशवी, तिच्यात आहेराची पाकिटं. पथकाने ती जीपच्या बॉनेटवर एकेक करून फोडली. एकशे एक, पाचशे एक, अकराशे. पाकिटावर चिकटवलेला रुपया असतो ना, तो सुद्धा नखाने काढून वेगळा मोजला. पंचनामा आजही माझ्याकडे आहे. त्यात नोटांच्या तपशिलाखाली गंभीरपणे लिहिलंय, ‘एक रुपयाची नाणी, नग २१२’. आणि शेवटी, ‘सदर रक्कम संशयास्पद वाटल्याने’. नवरीची आई गाडीत बसून होती. ती एवढंच म्हणाली, पाकिटं फेकू नका, नावं आहेत त्यांच्यावर, आम्हाला परत आहेर करायचाय.

ते पैसे पाचव्या दिवशी सुटले. कशावर? आहेराच्या वहीवर. मुलीच्या काकाने मांडवात बसून लिहिलेली वही, नाव, गाव, रक्कम. जप्ती तपासणाऱ्या जिल्हा समितीतल्या एका अधिकाऱ्याने वही चाळली, स्वतःच्या साडूचं नाव सापडलं आणि तो हसला. सही तिथेच झाली. हे सांगतोय कारण पुरावा म्हणजे शिक्क्याचाच कागद असा लोकांचा समज असतो. तसं नाही. व्यवहाराच्या ओघात, भांडण सुरू व्हायच्या आधी लिहिलेला कुठलाही कागद वजनदार असतो.

आता ही समिती. याच कार्यपद्धतीत प्रत्येक जिल्ह्यात तीन अधिकाऱ्यांची समिती सांगितली आहे. आपल्याकडे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, निवडणूक खर्च संनियंत्रणाचे नोडल अधिकारी (ते निमंत्रक) आणि जिल्हा कोषागार अधिकारी. समितीने प्रत्येक जप्ती स्वतःहून तपासायची आहे, तुम्ही अर्ज करा अगर करू नका. गुन्हा दाखल नसेल किंवा पैशांचा उमेदवार, पक्ष, प्रचार यांच्याशी संबंध नसेल तर सकारण आदेश काढून पैसे लगेच परत द्यायचे. शिवाय दाद कुठे मागायची, हे जप्तीच्या कागदावरच लिहिलेलं पाहिजे आणि जप्तीच्या वेळी तोंडीही सांगितलं पाहिजे. ‘निकाल लागल्यावर या’ हे उत्तर यात कुठेच नाही. गुन्हा दाखल नसेल तर मतदानानंतर सात दिवसांपलीकडे रक्कम कोषागारात किंवा मालखान्यात अडकवून ठेवता येत नाही, आणि ही सात दिवसांची शेवटची हद्द आहे. तोपर्यंत बसून राहावं, असा तिचा अर्थ नाही.

तुमच्या प्रकरणात काय होईल हे मात्र चार-पाच गोष्टींवर ठरेल आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. निवडणूक कुठली? वर जे सांगितलं ते भारत निवडणूक आयोगाचं, म्हणजे लोकसभा-विधानसभेचं. जिल्हा परिषद, नगरपरिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्याचे आदेश वेगळे असतात. तिथे आधी तहसीलमध्ये त्या आदेशाची प्रत मागा. भाऊ कुठल्या पक्षाचा पदाधिकारी आहे का, किंवा घरातलं कुणी उभं आहे का? डिक्कीत पत्रकं, उपरणं, बिल्ले होते का? मागे एकाच्या टेम्पोत काचेपाशी सभेतलं एक उपरणं पडलेलं होतं, घाम पुसायला ठेवलेलं. तेवढ्यावर त्याचं प्रकरण तीन आठवडे लांबलं. नाक्यावर भाऊ घाबरून काही वेगळं बोलला का? ‘मित्राचे आहेत’, ‘उसने आणलेत’, असं काही? तो जबाब व्हिडिओत असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गुन्हा नोंदवलाय की नुसता पंचनामा आहे? या एका उत्तरावर पुढची वाट ठरते.

नुसता पंचनामा असेल तर समितीकडे जा. अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा. तारीख, वेळ, नाक्याचं ठिकाण, रक्कम आणि ती कशाची. सोबत बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या (हमाली-तोलाई कापलेली, व्यापाऱ्याच्या सहीची मूळ पट्टी, झेरॉक्स वेगळी), आवक झाल्याची पावती, वजनकाट्याची पावती, सातबारा आणि त्यावरची पिकाची नोंद. ई-पीक पाहणी केलेली असेल तर उत्तम. नोंदीत कांद्याच्या जागी मका लागला असेल तर तेही अर्जातच प्रामाणिकपणे लिहा, नाहीतर समोरचा ते शोधून काढेल आणि मग बाकी सगळं खरं असूनही खोटं वाटेल. मजुरांच्या टोळीचा मुकादम असेल तर त्याची वही, किती जण, किती दिवस, किती उचल दिली. अर्ज निमंत्रकाच्या कार्यालयात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख घ्या. क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज म्हणजे नदीत सोडलेला दिवा.

एक गोष्ट करू नका. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मागच्या तारखेची मोठी पट्टी करून आणू नका. मोह होतो, कारण दोन पट्ट्यांची बेरीज कधी चार-पाच हजारांनी कमी भरते. भरू दे. घरून निघताना खिशात चार हजार होते, असं लिहा, कारण ते खरं असतं. बनावट पट्टी सापडली की निवडणुकीचा विषय बाजूला राहतो आणि फसवणुकीचा सुरू होतो, तिथे मीही काही करू शकत नाही.

रोख रकमेबद्दल इन्कम टॅक्सची भीती तुमच्या मनात असेल. कायद्याने एका दिवसात एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला मनाई आहे. तुमची रक्कम त्याच्या आत आहे. शेतकऱ्याने स्वतःचा माल दोन लाखांच्या आत रोखीने विकला तर अडचण नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्येच स्पष्ट केलंय. ‘ऑनलाइन का नाही घेतले?’ असा प्रश्न समितीत आला तर शांतपणे सांगा, मजुरांना रोख द्यायचे असतात. रोकड बाळगणं गुन्हा नाही. नोटबंदीनंतर या देशात रोकडवाल्याकडे बघायची नजर बदलली आहे, पण नजर म्हणजे कायदा नव्हे.

गुन्हा दाखल असेल तर समिती बहुधा हात वर करेल. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिची कलमं ४९७ आणि ५०३. जुन्या वकिलाला ४५१, ४५७ म्हणालात तरी कळेल. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय की मुद्देमाल पोलीस ठाण्यात विनाकारण सडत ठेवू नये, नोंदी-फोटो करून लवकर सोडावा. रोख रकमेला ते चपखल लागतं. नोटांचे नंबर टिपून, बंधपत्र घेऊन पैसे सुटतात. वेळ लागतो, पण सुटतात.

आणि मुळात पथकाला हा अधिकार येतो कुठून, हे विचारणाऱ्यांसाठी थोडं. आचारसंहिता हा संसदेने केलेला कायदा नाही. १९६० साली केरळात पक्षांनी आपापसांत मान्य केलेल्या वागणुकीच्या नियमांपासून ती सुरू झाली. मूळ हेतू पक्षांना आणि उमेदवारांना आवरण्याचा, पुढे १९७९ मध्ये सत्ताधारी पक्षाने काय करू नये याचा भाग त्यात आला. मतदाराला, वाटसरूला ती लागू नाही. आयोगाचं बळ घटनेच्या कलम ३२४ मधून येतं आणि मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची हद्दही आखून दिली: कायदा जिथे गप्प आहे तिथे आयोगाने मोकळी जागा भरावी, कायदा जिथे बोलतो तिथे त्यानुसार चालावं. मालमत्ता जप्त करण्याबाबत कायदा गप्प नाही, चांगला खणखणीत बोलतो. नव्या संहितेचं कलम १०६ (जुनं १०२) म्हणतं, गुन्हा घडल्याचा संशय निर्माण करणारी परिस्थिती हवी. खिशात पैसे असणं ही परिस्थिती नव्हे. मालमत्तेचा हक्क आपण ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला, त्याचं मला आजही वाईट वाटतं, पण कलम ३००अ शिल्लक आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. परिपत्रक म्हणजे कायदा नाही आणि नाक्यावरचं तोंडी फर्मान तर परिपत्रकही नाही.

पथकं नकोतच, असं माझं म्हणणं नाही. मतामागे नोट वाटली जाते हे मला गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराइतकंच माहीत आहे. पण वाटपाचा पैसा मोटारसायकलच्या डिक्कीत, हिशेबपट्टी सोबत घेऊन फिरत नाही. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी पहिल्या टप्प्याचं मतदानही झालं नव्हतं तेव्हा आयोगाने ४,६५० कोटींहून जास्त ऐवज पकडल्याचं जाहीर केलं. त्यात रोकड होती सुमारे ३९५ कोटी, शंभरातले साडेआठ. दोन हजार कोटींच्या वर नुसते अंमली पदार्थ. ते पकडल्याबद्दल मी टोपी काढतो. त्या रोकडीत वाटपाची किती आणि आहेराची, कांद्याची, कापसाची किती, हे कधी वेगळं करून सांगितलं जात नाही. जप्तीची बातमी पहिल्या पानावर येते, परत दिल्याची येत नाही.

टी. एन. शेषन यांचं नाव आमच्या पिढीचे वकील आजही आदराने घेतात, १९९० ते ९६ या काळात ते मुख्य निवडणूक आयुक्त होते. लोक म्हणतात, शेषन कडक होते. खरंय, पण कुणाशी? मंत्र्यांशी, मुख्यमंत्र्यांशी, सरकारी गाडी घेऊन प्रचाराला निघणाऱ्यांशी. धाक वरच्याला होता, म्हणून खालचा निर्धास्त होता. आज धाकाची दिशा बदललीय.

आता तुमच्या प्रश्नाचा शेपटाचा भाग, जो मला वाटतं तुम्ही चिडून लिहिला असणार. सरकारने खात्यात पैसे टाकले तर चालतं का? कायद्याचं उत्तर: चालतं, आचारसंहितेआधी जाहीर आणि सुरू झालेलं असेल तर. उमेदवाराने पाचशेची नोट दिली तर ती लाच, भारतीय न्याय संहितेचं कलम १७०. सरकारने तिजोरीतून दिले तर ते धोरण, विधिमंडळाने मंजूर केलेलं. हा फरक आहे आणि असायलाही हवा, नाहीतर कुठलंच सरकार शेवटच्या वर्षात काही करू शकणार नाही. सुब्रमण्यम बालाजी खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही जाहीरनाम्यातल्या वाटपाला भ्रष्ट आचरण म्हटलं नाही, पण अशा वाटपाने निवडणुकीच्या निकोपपणाचा पाया हलतो, हे मान्य करून आयोगाला मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली.

माझं मत वेगळं आहे आणि ते मत म्हणूनच घ्या. लाडकी बहीण २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात जाहीर झाली, ऑगस्टमध्ये दोन हप्ते मिळून तीन हजार पडले, ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेच्या आधीच जमा झाले, १५ ऑक्टोबरला निवडणूक लागली, २० नोव्हेंबरला मतदान. वर्षाचा अंदाजित खर्च ४६ हजार कोटी. प्रचारात सत्ताधाऱ्यांनी २,१०० चा शब्द दिला. विरोधकांनी काय म्हटलं? हे चूक आहे, असं नाही. आम्ही तीन हजार देऊ, असं. लिलावात बोली चढते तशी. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी त्या पैशांतून मुलीची फी भरली. त्यांना मी कशाला नावं ठेवू? त्यांच्या जागी मीही घेतले असते. माझा राग देणाऱ्यावर आहे, जो आधी धोरणाने माणसाची मिळकत अडवतो आणि मग त्यातलाच तुकडा मोडून, वर फोटो छापून, परत देतो.

कांद्याचंच घ्या, तुम्ही कांदेवालेच आहात. २०१९ ला विधानसभेची आचारसंहिता २१ सप्टेंबरला लागली. २९ सप्टेंबरला केंद्राने कांदा निर्यात बंद केली आणि व्यापाऱ्यांवर साठ्याची मर्यादा घातली, घाऊकला ५०० क्विंटल, किरकोळला १००. मतदान २१ ऑक्टोबरला होतं. पुन्हा ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी, ती उठली ४ मे २०२४ ला, तीही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मेला. एकदा बंदी आचारसंहितेत घातली गेली, एकदा आचारसंहितेत उठवली गेली. दोन्ही वेळा लाखो कुटुंबांच्या मिळकतीचा प्रश्न होता आणि दोन्ही वेळा कुठल्या नाक्यावर कुणी बॉनेटवर काही मोजलं नाही. तुमच्या भावाचा कांदा बंदरात अडतो, आणि देशात मिळेल त्या भावाला विकून पैसे घेतले की ते रस्त्यात अडतात.

माझे वडील विदर्भात नोकरीला होते, ते एकाधिकार कापूस खरेदीच्या काळातल्या नाक्यांचं सांगायचे. १९७२ पासून राज्यातला कापूस फक्त सरकारच घेणार, स्वतःचा कापूस शेजारच्या राज्यात नेला तर तस्कर. सरहद्दीवर बैलगाड्या तपासल्या जायच्या. राजाजी (सी. राजगोपालाचारी), एन. जी. रंगा, मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो याच वृत्तीविरुद्ध आणि निमित्त होतं काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनातला सहकारी शेतीचा ठराव. १९६७ ला त्यांचे ४४ खासदार होते. पुढे पक्ष विरला, त्याची कारणं बरीच आणि आज तो विषय नाही. नाका मात्र राहिला. कापसाचा गेला, रोकडीचा आला.

निवडणुकीत शेतकऱ्यांच्या बंदुका जमा करतात तेही याच जातीचं. प्रत्येक परवान्याचा छाननी समितीने वेगळा विचार करायचा असतो, पण बऱ्याच ठिकाणी सरसकट नोटिसा निघतात आणि रानडुकरं तेवढी निर्धास्त होतात. त्यावर पुन्हा कधीतरी.

तुमच्यापुरतं बोलायचं तर उद्या सकाळी पंचनाम्याची प्रत हातात घ्या. खाली दाद मागण्याची पद्धत लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर अर्जात पहिली ओळ तीच टाका, समितीला त्याचं उत्तर देणं अवघड जातं. जप्तीचं व्हिडिओ चित्रण जतन करून ठेवावं, अशी विनंतीही त्याच अर्जात करा. भाषा नम्र ठेवा, समोर बसलेले अधिकारी बहुतेक वेळा तुमच्याच बाजूचे असतात, त्यांना सही करायला फक्त एक कागद हवा असतो. मजुरांच्या मुकादमाला सोबत नेलंत तर बरं, वही त्याच्याच अक्षरातली असेल. आणि वजनकाट्याची ती छोटी पावती असते ना, उन्हात ठेवली की छपाई उडते तिची. आजच फोटो काढून ठेवा.